बांधावरची एकपानी आणि नर्सरीतली ‘ब्राह्मी’ एकच का?

माडाखाली
पहिले चार पाऊस पडले की गोव्यात फोंडा-सावईवेरेच्या बाजूला शेताचे बांध, कुळागरातल्या (माड-सुपारीच्या बागेतल्या) पाटाचे काठ, न्हाणीच्या मागची ओली जागा, सगळीकडे गोल पानांचं एक रोप जमिनीसरपट पसरतं. घरोघरी त्याला एकपानी म्हणतात. पुस्तकी मराठीत कारिवणा, कोणी ब्राह्मी, कोणी मंडूकपर्णी. नर्सरीत ‘ब्राह्मी’ अशी पट्टी लावून जी कुंडी मिळते तिची पानंही गोलच असतात, फक्त जरा जास्त चकचकीत. ही दोन्ही एकच का?

दुसरं म्हणजे, एकपानी गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली आहे असं वाचलं. ना गाजराचं पान, ना वास. हे कसं काय?

तिसरी अडचण कुंडीची. बांधावरची काढून कुंडीत लावली की पंधरा दिवसांत देठ बुडातून काळे पडतात. नर्सरीवाल्याने सांगितल्याप्रमाणे खाली बशीत पाणी भरून ठेवलं आहे. शेजारी तशाच बशीत नर्सरीची ‘ब्राह्मी’ मात्र माजली आहे. माती एकच, ऊनही एकच.

तंबळी (ताकात कालवलेलं पाल्याचं वाटण) आणि चटणीची प्रमाणंही येऊ द्यात.

सडेकर
देठ पानाला कुठे चिकटलाय तेवढं बघा. बाकी चर्चा नंतर.

कुळागरी
सडेकरांनी एका ओळीत उरकलं, पण तेच खरं. जरा फोड करून सांगतो.

एकपानीचं पान मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं. देठ लागतो तिथे पानाला खोल खाच असते आणि देठ त्या खाचेतून निघतो. कडा बोथट दातेरी, करवतीसारखी टोकदार नव्हे. पान साधारण २ ते ५ सेंटीमीटर रुंद, सावलीत त्याहूनही मोठं. खोडासारखा दिसणारा लालसर तंतू जमिनीवर धावतो, ठरावीक अंतरावर त्याला गाठ येते, गाठीतून खाली मुळं आणि वर दोन-तीन पानं.

नर्सरीत गोल पानांची जी चकचकीत ‘ब्राह्मी’ मिळते ती बहुतेक वेळा हायड्रोकोटाइल असते, शोभेचं डॉलर प्लांट. तिचं पान पूर्ण गोल, खाच नाही, आणि देठ पानाच्या बरोब्बर मध्ये खालून लागलेला, छत्रीच्या दांड्यासारखा. पान उलटं केलं की क्षणात कळतं. ती मुळात पाणथळ जागेची, बशीत काय, मडक्यातल्या पाण्यातही वाढेल.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’. आणि तिसऱ्याचं उत्तरही त्यातच आहे, एका झाडाची सवय दुसऱ्याला लावली गेली.

आबोली
एकपानी म्हणतात तर गाठीला तीन-तीन पानं कशी? नावातच फसवणूक.

कुळागरी
@आबोली, फांदीवर ओळीने पानं लागत नाहीत, प्रत्येक पान आपल्या स्वतंत्र लांब देठावर मातीतून एकटं उभं राहतं. त्यावरून एकपानी. कन्नडमधलं ‘ओंदेलग’ही त्याच अर्थाचं.

पुस्तककिडा
कुळाबद्दल. गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, हिंग ही सगळी एका घरची. घराची खूण पान नव्हे, फुलोरा. एका बिंदूतून सगळे देठ फुटतात आणि वर फुलं पसरतात, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारखी. कुळाचं जुनं लॅटिन नाव, अंबेलिफेरी, त्यावरूनच पडलं.

एकपानीचीही छत्री असते, पण इतकी लहान की दिसत नाही. पानांचा गालिचा हाताने बाजूला करा आणि गाठीजवळ मातीला टेकेपर्यंत खाली बघा. अर्धा-पाऊण सेंटीमीटरच्या दांडीवर तीन-चार फुलं, फिकट गुलाबी किंवा जांभळट पांढरी, पाच पाकळ्या, टाचणीच्या डोक्याएवढी. खाली होडीसारखी दोन चिमुकली पानं त्यांना कवेत धरून असतात. उभ्याने शोधाल तर जन्मात सापडणार नाहीत, उकिडवं बसावं लागतं.

फळ दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, पिकल्यावर दोन फाकांत सुटतं. धणा बोटांनी चुरडला की दोन अर्धुकं होतात ना, तेच. फरक असा की धणे-जिऱ्याच्या सालीत तेलाच्या नळ्या असतात, त्यामुळे तो घमघमाट. एकपानीच्या फळात त्या नळ्या नाहीतच म्हटलं तरी चालेल. म्हणून मसाल्याचा वास शोधू नका.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीयसने १७५३ मध्ये हिला हायड्रोकोटाइल एशियाटिका म्हटलं होतं, म्हणजे डॉलरवालीच्याच घरात घातलं होतं. पुढे १८७९ मध्ये उर्बान या वनस्पतिशास्त्रज्ञाने सेंटेला एशियाटिका केलं. आता तर हायड्रोकोटाइलची रवानगीच दुसऱ्या कुळात झाली आहे. तेव्हा नर्सरीवाला लिनीयसच्याच वाटेने चालला आहे, त्याला फार बोल लावू नका.

वाळपईवाला
नर्सरीवाल्याचा इतका मोठा सन्मान आजवर कोणी केला नसेल.

सोलां
गाजराच्या घरचं दुसरं काही रानटी आपल्याकडे आहे का?

पुस्तककिडा
@सोलां, सह्याद्रीत आहे. कासच्या पठारावर ऑगस्टच्या सुमारास पांढऱ्या छत्र्यांचा ‘पंद’ फुलतो. त्याचं शास्त्रीय नावच पिंडा कोंकणेन्सिस, म्हणजे कोकणच्या नावावर नोंदलेला. ती मात्र खरी गाजरासारखी छत्री, छत्रीच्या प्रत्येक काडीला पुन्हा छोटी छत्री. गाजराचा रानटी भाऊ युरोपात रस्त्याकडेला उगवतो आणि त्याच्या पांढऱ्या छत्रीच्या मधोमध पुष्कळदा एकच गडद जांभळं फूल असतं.

आपल्याकडे गाजर फुललेलं दिसत नाही कारण त्याला आधी थंडी लागते. घरी छत्री बघायची तर परसातली कोथिंबीर न खुडता फुलू द्या आणि एकपानीच्या फुलाशेजारी धरा. कूळ पटेल.

खाजनकाठ
दोन नव्हे, तीन झाडांचा घोळ आहे हा. खरी गंमत तिसऱ्याची.

आयुर्वेदाच्या सरकारी औषधसूचीत ‘ब्राह्मी’ म्हणजे बकोपा, जलब्राह्मी, आणि एकपानी म्हणजे ‘मंडूकपर्णी’. बकोपाची पानं गोल नसतातच. लहान, जाड, रसाळ, चमच्यासारखी, समोरासमोर जोडीने लागलेली, फूल पांढरं किंवा फिकट निळसर, आणि चव कडूजहर. गाजराशी तिचा काहीही संबंध नाही.

ती शोधायची तर मानशीच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या) आतल्या बाजूला, खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) कडेच्या चिखलात बघा. मचूळ पाणीही तिला चालतं. एकपानी तिथे बघत बसू नका. तिला गोडं पाणी, बांधाची तिरकी बाजू आणि माडा-सुपारीची विरळ सावली हवी. एकाच शेताच्या खालच्या अंगाला एक आणि वरच्या अंगाला दुसरी असू शकते.

जायफळ
सूचीत काहीही असो, उत्तरेत पिढ्यान्‌पिढ्या एकपानीलाच ब्राह्मी म्हणतात, आपल्याकडेही ‘ब्राह्मीचं तेल’ करताना घरात हाच पाला वापरतात. नाव लोकांनी दिलेलं असतं. समितीने ते काढून दुसऱ्या झाडाला दिलं म्हणून लोक चुकीचे ठरत नाहीत.

खाजनकाठ
@जायफळ, लोक चुकीचे असं मी म्हटलंच नाही. पण दुकानातून ‘ब्राह्मी चूर्ण’ आणलं तर आत कोणतं आहे हे त्या नावावरून कळत नाही एवढं तरी मान्य कराल? केरळात ब्राह्मी म्हटलं की सरळ बकोपा हातात ठेवतात. दोघींतली द्रव्यंही वेगळी, एकपानीत एशियाटिकोसाइड आणि मॅडेकॅसोसाइड, बकोपात बॅकोसाइड. पाकिटावर शास्त्रीय नाव वाचायचं, नसेल तर पाकीट परत ठेवायचं.

जायफळ
पाकिटाचं मान्य. परसातल्याचं नाही.

पुस्तककिडा
चरकसंहितेत बुद्धीवर्धक म्हणून जी चार रसायनं दिली आहेत त्यात नाव मंडूकपर्णीचं आहे, आणि वापर तिच्या ताज्या रसाचा. बाकी तीन ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. जायफळ यांच्या बाजूने एवढं वजन टाकतो.

अवांतर: मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ ‘होर्तुस मलबारिकुस’ १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला, त्याच्या दहाव्या खंडात एकपानीचं चित्र आहे. त्या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोचीचे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचं १६७५ मधलं प्रमाणपत्र नागरीत कोंकणी भाषेत छापलेलं आहे.

आबोली
आता भाषावाद सुरू व्हायच्या आत कोणीतरी तंबळी वाढा.

तिरफळ
घ्या.

दोन घट्ट मुठी पानं. कोवळे देठ चालतील, पण तंतू आणि गाठी काढून टाका. गाठींच्या मुळांत माती अडकलेली असते, ती तीन पाण्यांनीही जात नाही आणि तंबळी कचकचते. चमचाभर तुपात अर्धा चमचा जिरं आणि पाच-सहा मिरी घाला. जिरं फुललं की पानं टाका आणि मिनिटभर, पानांनी मान टाकेपर्यंतच परता. त्यापुढे गेलात की हिरवा रंग शेवाळी होतो. गार झाल्यावर अर्धी वाटी ओल्या खोबऱ्याबरोबर गुळगुळीत वाटा, दीड वाटी ताकात कालवा, मीठ घाला. वरून मोहरी आणि सुक्या मिरचीची फोडणी.

ही पुन्हा चुलीवर ठेवायची नाही. वाटण कोमट असतानाच ताकात घातलं तरी फाटतं. ताक आंबट असेल तर एकपानीचा तुरटपणा वर येतो, तेव्हा ताजंच घ्या.

चटणीला पानं कच्चीच, सोबत खोबरं, हिरवी मिरची, आलं आणि चिंचेऐवजी दोन सोलां (कोकमाची वाळवलेली सालं). सोलां दहा मिनिटं भिजवून मगच वाटा, नाहीतर तुकडे राहतात. चिरून कोशिंबीर करायची तर धारदार सुरीने, अगदी आयत्या वेळी, आणि लगेच लिंबू. श्रीलंकेत हीच ‘गोटुकोळ’, तिथे बारीक चिरून खोबरं, कांदा आणि लिंबाबरोबर भातावर घेतात. चिरून ठेवली की कडा काळ्या पडतात आणि कडूपणा वाढतो.

पाऊस संपल्यावर पानं राकट होतात. मे महिन्यातली तर चावून चोथा उरतो. जून ते ऑक्टोबर हीच तिची खायची वेळ.

सोलां
माझ्या नावाचा योग्य उपयोग केल्याबद्दल आभार.

वाळपईवाला
कच्च्या चटणीवरून एक सांगायलाच हवं. पानं कुठून आणता ते पाहा. ही वनस्पती मातीतले जड धातू ओढून पानात साठवते. खाणीच्या डंपाखालच्या नाल्याचा काठ, हमरस्त्याची कड, गॅरेजमागचं गटार, इथली कितीही टवटवीत दिसली तरी सोडून द्या. धुऊन धातू जात नाहीत.

म्हशी बसतात त्या डबक्याच्या काठचीही कच्ची खाऊ नये. गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमीची पुढची अवस्था अशाच पाणवनस्पतींच्या पानांवर चिकटून असते, मिठाच्या पाण्याने ती हमखास निघेल असं नाही. तिथलीच हवी असेल तर नीट शिजवून. बांधावर तणनाशक मारतात त्या शेतात मालकाला विचारल्याशिवाय हात घालू नका. फवारल्यावर पहिले काही दिवस पानं हिरवीच दिसतात.

मीठपोळो
तेलाची रीत कोणी सांगेल का? घरी केलं की महिन्याभरात खवट वास मारतं.

जायफळ
खवट होतं म्हणजे पाणी राहिलं.

जुनं प्रमाण सोपं आहे, वाटलेला पाला एक भाग, तेल चार, पाणी सोळा. घरगुती मापात पाव लिटर खोबरेल, ६० ग्रॅम पाला बारीक वाटून, एक लिटर पाणी. जाड बुडाच्या पसरट भांड्यात सगळं एकदम घालून मंद आचेवर ठेवा आणि बुडापासून ढवळत राहा. दीड-दोन तास धरून चला. आधी खदखद पाण्याची असते, मोठे बुडबुडे. पाणी आटत आलं की बुडबुडे बारीक होतात आणि चोथा बुडाला चिकटू लागतो, इथे आच आणखी कमी करा. बहुतेकांचं तेल इथेच करपतं.

मग चोथ्याची चिमूट काढून बोटांत वळा. चिखलासारखी पसरली तर वेळ आहे. वात वळली गेली की ती विस्तवाला लावा. तडतडली तर आत पाणी आहे. आवाज न करता पेटली की भांडं उतरवा. त्याच सुमारास तेलावर फेस धरतो, तीही खूण. कोमट असतानाच कोरड्या फडक्यातून गाळा, आणि बाटली उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठणठणीत वाळवलेली हवी. आपल्या जुलैच्या हवेत नुसती पुसलेली बाटली म्हणजे ओली बाटली.

वाळवलेला पाला वापरणार असाल तर सावलीत, एका थरात, पंख्याखाली वाळवा. किलोभर ओल्या पाल्याचे सव्वाशे-दीडशे ग्रॅम उरतात. पान बोटांत चुरचुरलं पाहिजे, दुमडलं गेलं तर बुरशी आलीच.

मीठपोळो
वातीची परीक्षा झकास. रोज रस प्यायला तर स्मरणशक्ती वाढते ना?

खाजनकाठ
@मीठपोळो, तंबळीत मूठभर पानं खाणं वेगळं आणि रोज पेलाभर रस किंवा गोळ्या वेगळ्या. आठवडेच्या आठवडे एकपानी घेतल्यावर कावीळ आणि यकृताला सूज आल्याच्या नोंदी २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत, थांबवल्यावर ती माणसं बरी झाली. गरोदरपणी, यकृताचा आजार असताना किंवा झोपेची औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाहेरून लावायचं वेगळं, जखमेच्या आणि त्वचेच्या मलमांत तिचा अर्क असतोच.

आबोली
म्हणजे बुद्धी हवी असेल तर आधी बुद्धीने प्यावं लागणार.

कुळागरी
कुंडीकडे परत येतो, तो प्रश्न मघाशी अर्धवट राहिला.

एकपानीला ओल हवी, डबकं नको. बांधावर पाणी सतत असतं पण वाहतं, मुळांना हवा मिळते. बशीत तेच पाणी आठ दिवस साचून कोमट होतं आणि गाठी कुजतात. खोल कुंडीचाही उपयोग नाही, तिची मुळं वरवर असतात आणि खालची माती नुसती चिंब राहते. तीस सेंटीमीटर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर खोल परात किंवा टब घ्या, बुडाला चार-पाच भोकं. तळाला सोडणांचे (नारळाच्या काथ्याच्या सालांचे) तुकडे, त्यावर दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी रेती.

लावताना तंतूचा दोन-तीन गाठींचा तुकडा आडवा ठेवा. गाठ सेंटीमीटरभर मातीत दाबा, पण पानं जिथून फुटतात ते टोक उघडं राहू द्या. ते पुरलं की काळं पडतं, अनेकांची कुंडी इथेच जाते. जुनी मोठी पानं अर्धी खुडून टाका, नाहीतर मुळं धरायच्या आत तीच पाणी ओढतात. बियांच्या नादी लागू नका, रुजवण फार कमी.

सकाळचं ऊन, दुपारी सावली. कडक उन्हात पान लहान, जाड आणि तांबूस होतं. गर्द सावलीत पान बशीएवढं होतं आणि देठ लोळतात. युरिया तर टाकूच नका, पानं फुगतात आणि चव पाण्यासारखी होते. पहिली तोड साधारण तीन महिन्यांनी, कात्रीने देठ कापून. ओढलीत तर गाठच उपटून येते.

पावसात गोगलगायी एका रात्रीत पानांची चाळण करतात. संध्याकाळी ओलं सोडण पालथं ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या असतात, उचलून टाका. मीठ कुंडीत टाकू नका, गोगलगायीबरोबर एकपानीही जाते.

सडेकर
आणखी दोन सोंगं लक्षात ठेवा. उंदीरकानी, पान असंच मूत्रपिंडासारखं पण लहान आणि लांबीपेक्षा रुंद, फूल मात्र पिवळं घंटेसारखं. आणि कुळागराच्या गर्द सावलीत जिओफिला, पान बदामी, जोडीने समोरासमोर, नंतर लालभडक फळं. दोन्हींना छत्री नाही.

माडाखाली
सगळे प्रतिसाद वाचून आज सकाळी दोन्ही कुंड्या उलट्यापालट्या करून पाहिल्या.

नर्सरीची: पान अख्खं गोल, खाच नाही, देठ थेट पोटात. डॉलर. बांधावरची: खाच आहे, तंतू लालसर, गाठीला दोन-तीन पानं. कुंडीत फूल मिळालं नाही, म्हणून पाटाच्या काठाला उकिडवी बसून पाहिलं. पानांच्या तळाशी, मातीला जवळजवळ टेकलेली तीन फुलं, आणि खाली त्या दोन होड्या. शेजारीच पिकलेलं फळ होतं, नखाने दाबल्यावर धण्यासारखं मधोमध सुटलं.

कुंडीतली कुजलेली गाठ सोडवली तर मातीच्या दोन बोटं खाली होती. म्हणजे बशीही चुकली आणि लावणीही. आता पसरट टबात आडवी लावली आहे, टोकं वर. डॉलरची चटणी केली नव्हती, नशीब.

फक्त नर्सरीच्या कुंडीवर ‘ब्राह्मी’ची पट्टी अजून तशीच आहे. त्या जागी काय लिहू?

आबोली
लिनीयस.

सडेकर
‘खायची नाही’ लिहा. पाहुणे तंबळीला पानं खुडायला बाहेर जातात.